घराची सावली आणि बांधकामातील मीजान

दिव्य कुरआनच्या सूरह अन्-नहलमध्ये अल्लाहने आपल्या देणग्यांची आठवण माणसाला करून दिली आहे. पाऊस, दूध, मध, वाट दाखविणारे तारे अशा देणग्यांच्या ओघातच ८०व्या आयतीत घराचा उल्लेख येतो. अल्लाहने तुमची घरे तुमच्यासाठी विसाव्याचे ठिकाण बनविली, असा तिचा आशय आहे. लगेच पुढच्या, ८१व्या आयतीत सावली, डोंगरांतील आसरे आणि उष्म्यापासून वाचविणारी वस्त्रे यांची आठवण दिली आहे. वाचकहो, या दोन आयती एकापाठोपाठ वाचून पाहा. घराचे प्रयोजन विसावा, आणि विसाव्याची पहिली सामग्री सावली, असा क्रम तेथे सहज हाती लागतो. घराच्या उंचीचा अथवा दर्शनी बाजूच्या झगमगाटाचा तेथे शब्दही नाही.

आता आपल्या नाशिकच्या एखाद्या साध्या घरात मे महिन्याच्या रात्री अकरा वाजता जाऊन पाहू. दुपारी पारा चाळीस अंशांच्या आसपास होता. बाहेर गल्लीत आता बरा वारा सुटला आहे, कारण आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंचावर आहे आणि उन्हाळ्यातही येथील रात्र दिवसाच्या मानाने पुष्कळ निवते. परंतु आत वरच्या स्लॅबमधून दिवसभराची उष्णता उतरत आहे, पंखा तीच गरम हवा फिरवीत आहे, लहान मूल घामाने जागे झाले आहे आणि फजरला उठणारे वडीलधारे कूस बदलीत पडले आहेत. बाहेर गारवा आणि आत भट्टी, असे ज्या घरात होते, त्या घराला कुरआनने वापरलेला ‘सकन’, म्हणजे विसाव्याचे स्थान, हा शब्द लागू पडतो काय? आणि ते घर असे झाले, यात दोष हवामानाचा किती व आपल्या बांधण्याचा किती?

हरित इमारत हा शब्द अलीकडे जाहिरातींच्या फलकांवर फार दिसतो, म्हणून त्याचा अर्थ आधी नीट ठरवून घेऊ. जी इमारत उभारताना आणि पुढे पन्नास-साठ वर्षे वापरताना जमीन, पाणी, वीज व साहित्य कमीत कमी लागते, जिच्यात राहणाऱ्यांना उजेड व हवा सहज मिळते आणि जी शेजाऱ्यावर व पुढच्या पिढीवर आपला भार टाकीत नाही, ती हरित इमारत. आपल्या देशात अशा इमारतींना मानांकन देणाऱ्या संस्था आहेत. २००१ मध्ये स्थापन झालेली भारतीय हरित इमारत परिषद ही त्यांपैकी एक, आणि ‘गृह’ नावाची राष्ट्रीय पद्धती दुसरी. हैदराबादेतील सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्राच्या इमारतीचे उद्घाटन २००४ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते झाले. अमेरिकेबाहेर त्या दर्जाचे सर्वोच्च मानांकन मिळविणारी ती पहिली इमारत होती. तिच्या रचनेत नवल वाटावे असे काय आहे? मधला चौक, जाळ्या आणि वारा आत ओढणारे मनोरे! म्हणजे आपल्या आजोबांच्या वाड्यांत आणि इराणपासून दख्खनपर्यंतच्या मुस्लिम वस्त्यांत जे शतकानुशतके होते, तेच.

हा विषय आपल्या बैठकींत निघाला की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. दुसरे, हा दुनियेचा मामला आहे, दीनशी त्याचा संबंध काय? दुसऱ्या उत्तराचा विचार आधी करू, कारण ते अधिक अवघड आहे.

सहीह बुखारीत एक प्रसंग आला आहे. आदरणीय खब्बाब (रजि.) यांच्या भेटीला काही मंडळी गेली, तेव्हा ते आपली भिंत बांधीत होते. बोलता बोलता ते म्हणाले की, मुस्लिम जे जे खर्च करतो त्याचा मोबदला त्याला मिळतो, मात्र या मातीत जे घालतो त्याचा मिळत नाही. विद्वानांनी याचा अर्थ गरजेपलीकडचे बांधकाम असा केला आहे, आणि तो बरोबरच वाटतो, कारण सांगणारा स्वतः त्या क्षणी हातात माती घेऊन उभा होता. बांधणे निषिद्ध नाही. पण बांधकाम ही अशी एक जागा आहे की जेथे पैसा, श्रम व अल्लाहने दिलेली सामग्री सर्वांत सहज वाया जाते आणि वाया गेल्याचे कळतही नाही, ही जाणीव सहाबांना होती. आद जमातीची जी निंदा सूरह अश्-शुअरामध्ये आली आहे, तीत प्रत्येक उंचवट्यावर निरर्थक स्मारके उभारण्याचा उल्लेख आहे, हेही येथे ध्यानात घ्यावे. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळ्यांना सैतानाचे बंधू म्हटले गेले आहे. आपण ही आयत लग्नाच्या जेवणावळींना लावतो. ती सिमेंटला, विजेला आणि पाण्याच्या टाकीला आपण का लावीत नाही, हे मला कधी उमगलेले नाही.

मदीनेतील मस्जिद-ए-नबवी प्रथम उभी राहिली ती कच्च्या विटांची. खांब खजुरीच्या बुंध्यांचे, छत खजुरीच्या झावळ्यांचे. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) विटा वाहून नेत. तेथील मातीत जे होते, तेथील बागांत जे उगवत होते, त्यातूनच ती मस्जिद झाली. रमजानच्या एका रात्री पाऊस झाला, छत गळले आणि आदरणीय अबू सईद खुदरी (रजि.) यांनी सकाळी प्रेषितांच्या (स.) कपाळावर चिखलाची खूण पाहिली, ही हदीस प्रसिद्ध आहे. यावरून कोणी म्हणेल की मग आपणही गळके छत ठेवावे काय? तसे नाही. याच मस्जिदीचे काम पुढे आदरणीय उमर (रजि.) यांनी करविले, तेव्हा त्यांनी बांधणाऱ्याला बजावले की लोकांचे पावसापासून रक्षण कर, पण तांबडे-पिवळे रंगकाम करून त्यांचे चित्त विचलित करू नकोस. निवारा पुरेपूर हवा, दिखावा नको. ही सूचना बुखारीने नोंदविली आहे आणि बांधकाम समितीच्या प्रत्येक सभेत ती आधी वाचली जावी, असे मला वाटते.

उष्म्याचेही तसेच. कडक उन्हाळ्यात जुहरची नमाज थोडी निवल्यावर अदा करावी, अशी सवलत सहीह हदीसींत आहे. म्हणजे नमाजीला उकाड्याचा त्रास होऊ नये, ही काळजी शरीअतनेच घेतली आहे. गारवा मागणे ही ऐष नव्हे. तो कोणत्या मार्गाने मिळवायचा, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकांतून शिकलो नाही, चुकून शिकलो. ती चूक सांगतो, कारण ती बहुधा आपल्याही मोहल्ल्यात होऊ घातली असेल.

आमच्या मोहल्ल्याची मस्जिद जुनी होती. काळ्या पाषाणाच्या जाड भिंती, वर कौले, आणि किब्ल्याच्या भिंतीमागे, कुंपणाच्या आत, एक मोठा कडुनिंब. जमात वाढली, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा ती पाडून नवी तीन मजली बांधण्याचे ठरले. मी त्या समितीत होतो. नव्या नकाशात मस्जिद पश्चिमेकडे सहा फूट सरकत होती आणि कडुनिंब मध्ये येत होता. एका वृद्ध नमाजींनी विचारले, पूर्वेकडची पायऱ्यांची शोभा कमी केली तर झाड वाचणार नाही काय? त्यांना कोणी उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. झाड गेले. जाड पाषाणाच्या जागी काँक्रीटचे खांब आणि त्यांमध्ये साडेचार इंची विटेची भिंत आली, वर रंगीत काचेच्या खिडक्या आल्या. लोक लांबून पाहायला येत.

मग २०१९ चा रमजान आला, तो ऐन मे महिन्यात. तरावीहला पहिल्या सफमध्ये उभा असताना समोरच्या भिंतीची धग चेहऱ्याला लागत होती. सलाम फेरल्यावर मी भिंतीला तळहात लावून पाहिला. रात्रीचे सव्वानऊ झाले होते आणि भिंत तव्यासारखी नव्हे, पण ताप आलेल्या माणसाच्या अंगासारखी गरम होती. पुढच्या वर्षी वातानुकूलन यंत्रे बसली. आता त्यांच्या वीजबिलासाठी दर शुक्रवारी वेगळी झोळी फिरते.

हे असे का झाले, ते थोडे समजून घेऊ, कारण भारतातील जवळजवळ प्रत्येक मस्जिदीला हा धडा लागू आहे. नाशिकहून किब्ला जवळपास पश्चिमेला आहे, किंचित उत्तरेकडे झुकलेला. त्यामुळे मिहराबाची भिंत ही नेहमीच मावळतीच्या उन्हाची भिंत असते. सूर्य दुपारी डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी सज्जा काढला की भागते. येथील अक्षांश सुमारे २० असल्याने उन्हाळ्यातील माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ सरळ वर असतो आणि त्या सज्ज्याखाली ऊन शिरत नाही. हिवाळ्यात तोच सूर्य दक्षिणेला कलतो, डिसेंबरात माध्यान्हीला तो साधारण ४६ अंशांवर असतो, आणि त्याच खिडकीतून कोवळे ऊन आत येते. नाशिकच्या थंडीत ते हवेच असते. पश्चिमेचे मात्र निराळे आहे. असरच्या सुमारास सूर्य तिरपा होऊन सरळ भिंतीवर येतो आणि त्याला कोणताही सज्जा अडवू शकत नाही. तेथे उभी आडोशाची वस्तू लागते. झाड, जाळी, नाहीतर भिंतीपासून थोडे अंतर ठेवून उभा केलेला दुसरा पातळ पडदा.

दुसरी गोष्ट जाडीची. भिंतीवर पडलेली उष्णता लगेच आत येत नाही, तिला वेळ लागतो, आणि भिंत जितकी जाड व जड तितका वेळ अधिक. साडेचार इंची भिंतीतून ती तीन-चार तासांत येते, म्हणजे नेमकी मगरिब-इशाच्या वेळी, जेव्हा जमात उभी असते. दीड-दोन फुटी पाषाणाच्या भिंतीतून ती उतरेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. तोवर मस्जिद रिकामी असते आणि वरच्या झरोक्यांतून रात्रीचा वारा ती धुऊन नेतो. जुन्या गवंड्यांना हे गणित कागदावर मांडता आले नसते, पण त्यांनी ते भिंतीत मांडले होते. आणि कडुनिंबाने तर ती भिंत तापूच दिली नव्हती.

सुनन अबू दाऊदमध्ये बोरीचे झाड तोडणाऱ्यासाठी कठोर इशारा आला आहे. खुद्द अबू दाऊद यांनी त्याचा खुलासा केला आहे की, ज्या झाडाखाली वाटसरू व जनावरे सावली घेतात असे रानातील झाड निष्कारण तोडणाऱ्याबद्दल तो आहे. आमचे कारण शोभेच्या पायऱ्या हे होते. त्याला ‘निष्कारण’ म्हणायचे की नाही, हे मी अजून स्वतःला विचारतो.

मस्जिदीकडून आता घराकडे येऊ. नाशिकच्या जुन्या वस्तीत आजही काही वाडे उभे आहेत. पेशवाईतील सरकारवाडा सर्वांना ठाऊक आहे, पण साध्या कुटुंबांची घरेही त्याच विचाराने बांधलेली असत. दगडी जोते, सागवानी खांब, विटा व मातीच्या जाड भिंती आणि मधोमध चौक. हा चौक म्हणजे केवळ मोकळी जागा नव्हे. दिवसा तापलेली हवा रात्री त्यातून वर निघून जाते आणि गार हवा खाली उतरून भोवतालच्या खोल्यांत शिरते. आपल्या घरांच्या दृष्टीने त्याचा आणखी एक गुण आहे. पर्द्याचा मान राखून स्त्रियांना उजेड, वारा व आकाश तेथे मिळते, रस्त्याकडे खिडकी उघडावी लागत नाही. आज आपण पर्द्यासाठी खिडक्या बंद ठेवतो आणि मग दिवसा दिवे लावतो. लहान भूखंडावर पूर्ण चौक परवडत नाही, हे खरे. तरी जिन्याच्या माथ्यावर उघडझाप करता येणारा झरोका ठेवला, तर जिनाच चौकाचे काम करू लागतो. एका मिस्त्रीने मला सांगितले की, अलीकडे हा झरोका कोणी मागतच नाही.

घराचा सर्वाधिक उष्मा छतातून येतो, कारण दिवसभर ऊन त्याच्यावर असते. गच्चीला पांढरा चुना दिला किंवा फुटक्या पांढऱ्या फरशांचा चायना मोझॅक केला, तर पुष्कळसे ऊन परत फिरते आणि खालच्या खोलीचे तापमान दोन-तीन अंशांनी सहज उतरते. आपल्याच जिल्ह्यातील मालेगावाकडे पाहा. तेथे यंत्रमागावर पोट असलेली हजारो कुटुंबे पत्र्याच्या छताखाली राहतात आणि एप्रिल-मे महिन्यांत तेथला पारा नाशिकच्याही पुढे जातो. पुरुष कामावर असतात. दुपारभर त्या पत्र्याखाली चूल सांभाळीत बसते ती घरची स्त्री, आणि तिच्याजवळ तान्हे मूल. त्या कुटुंबाला हरित इमारतीचे मानांकन नको आहे. पत्र्यावर चुन्याचे दोन हात, पत्र्याखाली बांबूची चटई अथवा जुन्या पोत्यांचा थर आणि समोरासमोर दोन झरोके एवढे मिळाले, तरी तिच्या दुपारीत फरक पडेल. जकात-सदक्यातून आपण उन्हाळ्यात पाणपोई घालतो, ते उत्तमच. त्याच मोसमात दहा घरांची छते पांढरी करून देण्याचा विचार एखाद्या मोहल्ल्याने करून पाहावा. हे श्रीमंतांचे चोचले आहेत, या पहिल्या आक्षेपाला यापेक्षा वेगळे उत्तर मजजवळ नाही.

साहित्याविषयी थोडक्यात. जगभरात मानवी कृतीतून जो कार्बन वायू हवेत जातो, त्यातील सुमारे सात ते आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, आणि भट्टीच्या लाल विटांसाठी शेतातील वरची सुपीक माती जाते. नाशिककरांना यावर एक उपाय दाराशीच आहे. एकलहरे येथील औष्णिक वीजकेंद्रात कोळसा जळून जी राख उरते, ती पूर्वी केवळ ओझे होती. १९९९ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेपासून तिचा वापर बांधकामात करण्यावर भर दिला गेला. राखमिश्रित सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत राख असते आणि राखेच्या विटांना भाजावे लागत नाही. केरळमध्ये आयुष्य घालविलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी सोडण्याची पद्धत रुजविली. तीत जवळजवळ पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णताही अडते. आमच्याकडच्या गवंड्यांना ती शिकवावी लागते, पण दोन दिवसांत हात बसतो. जुने घर पाडताना निघालेला काळा दगड मात्र कोणी भंगाराच्या भावाने देऊ नये. जोत्याला आणि पश्चिमेच्या भिंतीला त्याच्याहून चांगले काही नाही.

पाण्याचा विषय याहून गंभीर आहे. सूरह अल्-मूमिनूनमध्ये अल्लाह म्हणतो, त्याचा आशय असा की, आम्ही आकाशातून मोजून पाणी उतरविले आणि ते जमिनीत ठेवले, आणि ते नेण्यासही आम्ही समर्थ आहोत. ‘मोजून’ आणि ‘जमिनीत ठेवले’ हे दोन्ही शब्द लक्षात घ्या. आपण मोजत नाही आणि जमिनीत ठेवतही नाही. अंगणाला फरशी, गल्लीला काँक्रीट आणि गच्चीचे पाणी पन्हळीतून गटारात. नाशिक शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येते. गोदावरी आपल्या गावातून वाहते म्हणून पाणी अमाप आहे, असा समज मात्र मार्च उलटला की टँकरच्या रांगेत गळून पडतो.

हिशेब सोपा आहे. शहरात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असे धरा. म्हणजे छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर ७०० लिटर. २०० चौरस मीटरच्या मस्जिदीच्या गच्चीवर एक लाख चाळीस हजार लिटर पडतात. वाया जाणारे सोडले, तरी लाखाच्या वर हाती लागतात. पहिल्या एक-दोन सरींचे धुळीचे पाणी वेगळे काढून द्यावे, मग वाळू-खडीच्या गाळणीतून टाकीत घ्यावे आणि टाकी भरली की विंधन विहिरीकडे वळवावे. आपल्याखालचा खडक काळा पाषाण आहे, तो मातीसारखे पाणी पीत नाही, फक्त भेगांतून व झिजलेल्या थरातून आत घेतो. म्हणून खड्डा कोठे घ्यावा, हे जाणकाराला विचारूनच ठरवावे. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला ही व्यवस्था बंधनकारक केली आहे. पूर्णत्वाच्या दाखल्यापुरती नळी लावून पुढे ती बुजविणारे लोक आहेत. करार पाळण्याविषयी कुरआनने काय सांगितले आहे, ते त्यांना ठाऊक नाही असे नाही.

आता वुजूखान्याचे पाहू. प्रेषित (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, हे आदरणीय अनस (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम दोन्हींत आले आहे. मुद्द म्हणजे आजच्या मापाने सुमारे पाऊण लिटरहूनही कमी. आपली तोटी मिनिटाला सहा लिटर सोडीत असेल आणि ती दोन मिनिटे उघडी राहिली, तर एका वुजूला बारा लिटर झाले. दर नमाजेला शंभर माणसे धरली, तर पाच वेळचे सहा हजार लिटर. त्यांनीच दोन-दोन लिटर वापरले, तर एक हजारात भागते. राहिलेले पाच हजार लिटर म्हणजे मोहल्ल्यातील कित्येक घरांचे एका दिवसाचे पाणी आहे, आणि हे आपण इबादतीच्या नावाने गटारात सोडतो. पाणी कमी सोडणारी तोटी फार महाग नसते. जकार्ताच्या भव्य इस्तिकलाल मस्जिदीला २०२२ मध्ये हरित इमारतीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. तेथेही छतावरील सौर पट्ट्यांइतकेच महत्त्व या साध्या तोट्यांना दिले गेले.

वापरलेल्या वुजूच्या पाण्याबद्दल काही लोक शंका घेतात. हनफी असोत वा आपल्यातील कोकणी शाफई कुटुंबे, प्रचलित मत हेच आहे की, त्या पाण्याने पुन्हा वुजू होत नाही, पण ते नापाक नसते. त्यात साबण नसतो. झाडांना ते खुशाल द्यावे.

सौर पट्ट्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. घरगुती वापरासाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅट व त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, त्याचा लाभ अवश्य घ्यावा. पण क्रम चुकवू नये. आधी ऊन अडवा, मग वारा आत घ्या, मग जी थोडी वीज लागेल ती सूर्याकडून घ्या. काचेची भट्टी बांधून तिला गार करण्यासाठी सौर पट्ट्या लावणे, हा उधळपट्टीचाच नवा प्रकार आहे.

शेजाऱ्याचा हक्क हा तर या विषयाचा अर्धा भाग. हिजरी आठव्या शतकात ट्युनिस येथे इब्नुर्-रामी नावाचे गवंडी होते. बांधकामाच्या तंट्यांत ते काझींना सल्ला देत आणि त्यांनी या नियमांवर एक ग्रंथच लिहून ठेवला. सामायिक भिंत, दुसऱ्याच्या अंगणात डोकावणारी खिडकी, धूर, सांडपाण्याची वाट, हे सारे प्रश्न त्यात आहेत. आपला सांडपाण्याचा नळ शेजाऱ्याच्या जोत्याशी सोडणे आणि समासाची जागा गिळून त्याचा वारा बंद करणे, हे महापालिकेच्या नियमांत बसवून घेता येईलही. ज्या शरीअतने स्वतःला इजा करू नका व दुसऱ्यालाही करू नका असे शिकविले, तिच्या हिशेबात ते कसे बसवाल? गोदाकाठच्या निळ्या पूररेषेत भराव टाकून बांधणारेही हेच करतात. २००८ आणि २०१६ च्या पुरांत पाणी कोणाच्या घरांत शिरले, ते जुन्या नाशिकने पाहिले आहे. आपण उंचावलेल्या भरावाचे पाणी खालच्या गल्लीत जाते.

आपल्यापैकी कोणी यंदा घर बांधीत असेल, तर नकाशा मंजुरीला टाकण्यापूर्वी एकदा घरी आणावा आणि घरच्या स्त्रियांपुढे ठेवावा. स्वयंपाकघर पश्चिमेला आले आहे काय, दुपारी कोणत्या खोलीत बसवत नाही, धुण्याचे पाणी कोठे जाईल, हे प्रश्न त्या पहिल्या पाच मिनिटांत विचारतील. आमच्या समितीत एकही स्त्री नव्हती आणि हे प्रश्न कोणी विचारले नाहीत.

गेल्या पावसाळ्यापूर्वी आमच्या मस्जिदीच्या पश्चिम भिंतीबाहेर, दीड फूट अंतर सोडून, सिमेंटच्या जाळीचा उभा पडदा बांधण्यात आला. गच्चीवर चुना दिला गेला. वुजूखान्याच्या तोट्या बदलल्या आणि त्याचे पाणी एका चरातून कुंपणाकडे नेले. यंदाच्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रे जुमा वगळता बहुतेक बंदच होती. चराच्या टोकाला, जुन्या बुंध्यापासून चार हातांवर, मुलांनी कडुनिंबाचे रोप लावले आहे. ते आता खिडकीच्या चौकटीपर्यंत आले आहे. सावली भिंतीवर पडायला आणखी सात-आठ वर्षे लागतील, असे माळीबाबा म्हणतात.